नशा करणाऱ्याला तुरुंग की दवाखाना? अमली पदार्थांच्या कायद्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी पुण्यात व्यसनात अडकलेल्या मुलांच्या पालकांच्या साप्ताहिक बैठकीत मदतनीस म्हणून बसते. त्याआधी मुंबईत काही काळ वकिली केली. कॉलेजात, सोसायटीच्या हॉलमध्ये, गणेशोत्सवातल्या व्याख्यानांना या विषयावर बोलायला बोलावतात आणि प्रश्न बहुतेक तेच येतात. ‘सगळं कायदेशीर करून टाका’ म्हणणारी तरुण मुलं भेटतात, तसे ‘भर चौकात गोळ्या घाला’ म्हणणारे आजोबाही भेटतात. दोघांचीही तळमळ खरी असते. त्यांना सवडीने द्यायची उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत.

सेवन हा गुन्हा मानायचा नाही म्हणजे उद्यापासून ड्रग्ज दुकानात मिळणार का?

नाही. या वादात दोन वेगळ्या मागण्या एकत्र कालवल्या जातात. पहिली मागणी अशी की, सेवन करणाऱ्याला आणि स्वतःपुरता माल बाळगणाऱ्याला गुन्हेगार ठरवू नका. विकणाऱ्याला मात्र धरा. याला निर्गुन्हेगारीकरण म्हणतात. दुसरी मागणी नियमनाची. म्हणजे पिकवणं, बनवणं, विकणं यांना सरकारने परवाने द्यायचे आणि वय, जागा, ताकद, कर हे सगळं ठरवून द्यायचं. पहिली मान्य असलेल्या माणसाला दुसरी मान्य असेलच असं नाही. मला स्वतःला ती सरसकट मान्य नाही.

पहिली मागणी कळायला आपल्याच कायद्यातलं एक उदाहरण उपयोगी पडतं. आत्महत्येचा प्रयत्न हा आपल्याकडे भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ खाली गुन्हा होता. जीव द्यायला निघालेला माणूस वाचला, की दवाखान्यातल्या खाटेपाशी पोलीस जबाब घ्यायला उभे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सांगितलं की असा माणूस तीव्र तणावाखाली होता असं धरा, त्याला शिक्षा करू नका, मदत करा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते जुनं कलम उरलंच नाही. सरकारने आत्महत्येला परवानगी दिली असं तेव्हा कोणी म्हटलं नाही.

आपल्याकडे सध्या कायदा काय आहे?

एनडीपीएस कायदा, १९८५, म्हणजे केंद्राचा अमली पदार्थविरोधी कायदा. त्याच्या कलम २७ खाली नुसतं सेवन हाही गुन्हा आहे. हेरॉईन, मॉर्फिन, कोकेन असेल तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. इतर पदार्थांसाठी सहा महिने किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

बाळगण्याचा हिशोब वजनावर चालतो. २००१ च्या दुरुस्तीनंतर ‘अल्प’ आणि ‘व्यापारी’ अशा दोन रेषा आखल्या गेल्या. गांजा एक किलोपर्यंत अल्प, २० किलोच्या वर व्यापारी. हेरॉईन ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम. मेफेड्रोन, म्हणजे सगळे ज्याला एमडी म्हणतात ते, २ ग्रॅम आणि ५० ग्रॅम. अल्प असेल तर एक वर्षापर्यंत, मधल्या पट्ट्यात दहा वर्षांपर्यंत, व्यापारी असेल तर किमान दहा आणि कमाल वीस वर्षं. व्यापारी प्रमाणात जामीन जवळपास अशक्य, कारण कलम ३७ प्रमाणे आरोपी निर्दोष असावा असं मानायला सबळ कारण आहे, हे कोर्टाला खटल्याआधीच पटावं लागतं.

यातली एक खोच फारशी कोणाला माहीत नसते. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीरा सिंग खटल्यात सांगितलं की वजन शुद्ध पदार्थाचं धरायचं नाही, भेसळीसकट सगळ्या पुडीचं धरायचं. रस्त्यावरच्या गर्दमध्ये हेरॉईन थोडं आणि भरताड जास्त. एखादा गर्दुल्ला दोन-तीन दिवसांची सोय म्हणून सहा ग्रॅमची पुडी घेऊन निघाला, तर त्यात हेरॉईन एक ग्रॅमही नसेल, तरी तो कागदावर मधल्या पट्ट्यात, दहा वर्षांच्या कलमात जातो. त्याच्या खिशातली खडूची भुकटी त्याची शिक्षा वाढवते.

मग भांग कशी चालते आणि गांजा का चालत नाही? झाड तर एकच.

झाड एकच. कायद्याने व्याख्या करताना फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा आणि त्याचा चीक म्हणजे चरस, हे दोन्ही आत घेतले. शेंड्यांशिवायची पानं आणि बिया वगळल्या. पानांची भांग अशी केंद्राच्या कायद्यातून सुटली आणि राज्यांच्या उत्पादन शुल्क खात्यांकडे राहिली.

यामागे इतिहास आहे. १८९३-९४ मध्ये इंग्रज सरकारने गांजा-भांगेची चौकशी करायला आयोग नेमला. त्याने देशभर हिंडून हजाराहून जास्त साक्षी नोंदवल्या आणि निष्कर्ष काढला की माफक सेवनाने मोठं नुकसान दिसत नाही, बंदी घालू नका, परवाना आणि कर ठेवा. पुढे १९६१ चा संयुक्त राष्ट्रांचा करार आला. गांजाचा औषधाव्यतिरिक्तचा वापर २५ वर्षांत संपवा अशी त्यात अट होती आणि भारताने त्यावर सही केली होती. १९८५ चा कायदा त्या मुदतीच्या तोंडावर आला. तोवर सरकारमान्य दुकानात मिळणारा गांजा एका रात्रीत हेरॉईनच्या पंगतीत जाऊन बसला.

पकडलं नेमकं कोण जातं? मोठे मासे की छोटे?

बातमीत मोठे दिसतात, कोर्टात छोटे. मुंबईच्या दंडाधिकारी न्यायालयांतल्या एनडीपीएस खटल्यांचा अभ्यास झालेला आहे. त्यात बहुतेक सगळे खटले सेवनाचे निघाले आणि त्यातलेही बहुसंख्य गांजाचे. आरोपी फुटपाथवर किंवा वस्तीत राहणारे, रोजंदारीवरचे. शिक्षा झाल्या त्या गुन्हा कबूल करून.

ते कबूल करणं कसं असतं हे मी पाहिलं आहे. लग्नाच्या हॉलमध्ये भांडी घासणारा एक मुलगा रेल्वे पुलाखाली धरला होता. पंचनाम्यात मुद्देमाल लिहिलेला : मातीची चिलीम एक, आगपेटी एक, अर्धवट जळालेला उग्र वासाचा पाला. त्याची पाळी आली. ‘गुन्हा कबूल आहे का?’ ‘हो साहेब.’ दंड झाला, मुकादमाने तो भरला, पुढचा पुकारा झाला. सगळं मिळून दोन मिनिटं. वकील नाही, डॉक्टर नाही, उपचाराचा शब्द नाही. वर्षभराने तोच मुलगा मला परत भेटला. सिक्युरिटी गार्डची नोकरी लागत होती, चारित्र्य पडताळणीत ती जुनी नोंद निघाली आणि कंपनीने नाही म्हटलं. ‘दंड भरला की मिटलं असं वाटलं होतं ताई,’ म्हणाला. तो पुन्हा भांडी घासायलाच गेला. गांजा सुटला का, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

शिक्षा अजून कडक केली तर धाक बसणार नाही का?

हा प्रश्न आईवडील विचारतात तेव्हा त्यात राग कमी आणि भीती जास्त असते, म्हणून याचं उत्तर जरा सविस्तर देते.

कडकपणा आपण करून पाहिलेला आहे. १९८९ मध्ये या कायद्यात काही गुन्ह्यांसाठी दुसऱ्यांदा सापडल्यास फाशी सक्तीची केली. २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती सक्ती घटनेत बसत नाही असं सांगितलं आणि २०१४ मध्ये संसदेने फाशी ऐच्छिक केली. म्हणजे बावीस वर्षं सक्तीच्या फाशीचं कलम पुस्तकात होतं. त्याच वर्षांत मुंबईत गर्द पसरलं, मग गोळ्या आणि कफ सिरप आले, मग एमडी आलं. एमडी तर अफूसारखं शेतातही पिकवावं लागत नाही. रसायनांचं जुजबी ज्ञान आणि एक शेड पुरते. २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात कारखाना सापडला, फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभ एमआयडीसीतून शेकडो किलो माल पकडला. ही कारवाई हवीच होती आणि पोलिसांनी ती चांगली केली. पण पाठोपाठ बाजारातला माल संपला असं आमच्याकडे येणाऱ्या एकाही मुलाने सांगितलं नाही. पुडी महाग झाली आणि तिच्यातली भेसळ वाढली, एवढंच सांगितलं.

कडकपणाची आणखी एक किंमत आपण मोजली, तिची चर्चा जवळजवळ होतच नाही. मॉर्फिन हे कॅन्सरच्या शेवटच्या दुखण्यावरचं साधं, स्वस्त औषध. ते अफूपासून होतं आणि अफू आपल्याच देशात, नीमच-मंदसौरकडे, सरकारी परवान्यावर पिकते. १९८५ चा कायदा आल्यावर परवान्यांची कटकट आणि शिक्षेची धास्ती एवढी वाढली की दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. १९८५ मध्ये देशात वर्षाला शेकडो किलो वापरलं जाणारं मॉर्फिन १९९७ पर्यंत २० किलोच्याही खाली आलं. ज्यांचा नशेशी काडीचा संबंध नव्हता अशी माणसं विव्हळत गेली. ही चूक दुरुस्त करायला २०१४ ची दुरुस्ती यावी लागली, आणि लहान गावातल्या दवाखान्यात आजही मॉर्फिन सहज मिळत नाही. कायद्याचा धाक बसतो, पण तो कोणाला बसतो हे बघावं लागतं.

पोर्तुगालचं उदाहरण सगळे देतात. तिथे नेमकं काय केलं?

१९९० च्या दशकात एक कोटी वस्तीच्या त्या देशात सुमारे एक लाख माणसं हेरॉईनमध्ये अडकली होती. लिस्बनच्या कझाल व्हेंतोझू वस्तीत दिवसाढवळ्या सुया टोचल्या जात. घराघरांत हे दुःख होतं, श्रीमंतांच्याही. १ जुलै २००१ पासून त्यांनी नियम बदलला. दहा दिवसांच्या वापराइतका साठा सापडला तर फौजदारी खटला नाही. पोलीस माल जप्त करतात आणि माणसाला एका त्रिसदस्यीय समितीपुढे जायला सांगतात. त्यात कायदा जाणणारा एक, बाकीचे वैद्यकीय, मानसशास्त्र किंवा समाजकार्य क्षेत्रातले. एका टेबलाभोवती बसून बोलणं होतं. अधूनमधून घेणारा असेल तर समज देऊन सोडतात, व्यसनी असेल तर उपचाराकडे वळवतात, गरज वाटली तर दंडही करतात. विक्री आजही गुन्हाच आहे.

कायद्यापेक्षा महत्त्वाचं काम त्याच्या पाठीशी झालं. उपचार केंद्रं, मेथाडोन (हेरॉईनऐवजी द्यायचं बदली औषध) देणाऱ्या गाड्या, स्वच्छ सुया, नोकरीत परत घेणाऱ्या मालकांना सवलती. परिणामी सुयांमधून होणाऱ्या एचआयव्हीच्या नव्या लागणी वर्षाला हजाराच्या घरात होत्या, त्या पुढच्या दशकभरात काही डझनांवर आल्या. देश नशेत बुडेल ही भीती खरी ठरली नाही.

पण पुढचं प्रकरणही सांगायला हवं, ते सांगितलं जात नाही. २०१२ च्या आर्थिक काटकसरीत ही स्वतंत्र यंत्रणा मोडून तिचे तुकडे इतर खात्यांत वाटले. काही वर्षांनी पोर्तू आणि लिस्बनच्या काही भागांत रहिवासी पुन्हा तक्रार करू लागले की गल्लीत, शाळेजवळ उघड नशा चालते. कायदा तोच होता, त्यामागची माणसं आणि पैसा आटला होता.

मग ओरेगॉनमध्ये हेच का फसलं?

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात नोव्हेंबर २०२० मध्ये मतदारांनी ५८ टक्के मतांनी असाच कायदा मंजूर केला. फेब्रुवारी २०२१ पासून थोडा साठा सापडला तर १०० डॉलरची पावती. एका नंबरवर फोन करून आरोग्य तपासणी करून घेतली की तीही माफ. फोन अगदी मोजक्यांनी केले. समितीपुढे बसणं नाही, पाठपुरावा नाही, पावती फाडून फेकली तरी काही होत नाही. उपचारांसाठी ठेवलेला पैसा केंद्रांपर्यंत पोहोचायला महिनोन्महिने लागले. त्याच सुमारास फेंटानिल नावाचं, हेरॉईनच्या कैकपट ताकदीचं रसायन पश्चिम किनाऱ्यावर पोहोचलं. पोर्टलंडच्या रस्त्यांवर तंबू आणि नशा ओढायचं फॉइल दिसू लागलं. लोक वैतागले आणि १ सप्टेंबर २०२४ पासून बाळगणं पुन्हा गुन्हा झालं.

कायदा मऊ केल्याने हे झालं असं अनेकजण म्हणतात. अभ्यासकांचं यावर एकमत नाही, कारण कायदा आणि फेंटानिल एकाच वेळी आले. मला मात्र एक गोष्ट स्पष्ट दिसते. पोर्तुगालने पोलीस बाजूला करून त्यांच्या जागी समुपदेशक बसवला. ओरेगॉनने पोलीस बाजूला केला आणि ती जागा रिकामी ठेवली. आपल्याकडे उद्या कलम २७ काढलं आणि तालुक्याला एकही उपचार केंद्र नसेल, तर आपली गत ओरेगॉनची होईल. हे मी बदलाच्या बाजूची असूनही म्हणते.

गांजा तरी दारूसारखा परवान्यावर विकायला काय हरकत?

इथे वेगवेगळ्या देशांनी वेगवेगळं केलं आहे. उरुग्वेने २०१३ मध्ये कायदा करून पुढे औषधांच्या दुकानांतून मोजून विक्री सुरू केली. कॅनडाने ऑक्टोबर २०१८ पासून दुकानं उघडू दिली. जर्मनीने १ एप्रिल २०२४ पासून प्रौढांना बाहेर २५ ग्रॅमपर्यंत बाळगायला आणि घरी तीन झाडं लावायला मुभा दिली, पण दुकानं दिली नाहीत. ना-नफा मंडळं ठेवली. थायलंडने जून २०२२ मध्ये गांजा यादीतून काढला आणि नियम मागाहून करू म्हटलं. मागाहून होईपर्यंत बँकॉकच्या रस्त्यारस्त्यावर दुकानं लागली, आणि जून २०२५ मध्ये फुलांच्या विक्रीला डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची करून मागे फिरावं लागलं. नियम आधी, दुकान नंतर, हा त्यातून घ्यायचा धडा.

‘दारूसारखं’ म्हणताना मात्र महाराष्ट्राने जपून बोलावं. आपल्याकडे दारूचा कायदा आजही १९४९ च्या दारूबंदी अधिनियमावर उभा आहे आणि पिणाऱ्याकडे परवाना असावा लागतो. किती जणांच्या खिशात तो असतो, विचारून बघा. चंद्रपूरला २०१५ मध्ये दारूबंदी झाली आणि २०२१ मध्ये उठली. बंदीत घरातली मारहाण कमी झाली असं सांगणाऱ्या बायका होत्या, आणि पोरं चोरट्या दारूच्या वाहतुकीला लागली असं सांगणारेही होते. दोघंही खरं बोलत होते. दुसरीकडे, जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत गावठी दारूने शंभरावर माणसं दगावली, तेव्हा मुंबईत दारू परवान्यावर सर्रास मिळत होती. गरिबाला परवडणारी मिळत नव्हती. नियमन केलं की काळा बाजार आपोआप मरतो, ही समजूत मालवणीने खोटी ठरवली.

तरीही आपल्या दारूच्या कायद्यातली एक गोष्ट जगाला दाखवण्यासारखी आहे : आडवी बाटली. गावातल्या निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी गुप्त मतदानात आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. ज्यांच्या घरात त्या दुकानाचा त्रास येतो त्यांच्या हातात नकार ठेवला आहे. नियमनाची चर्चा आपल्याकडे कधी झालीच, तर ती या टोकापासून सुरू व्हावी असं मला वाटतं, महसुलाच्या आकड्यापासून नव्हे. सरकारला एकदा त्या पैशाची सवय लागली की सुटत नाही.

सरकारनेच व्यसनी माणसाला औषध म्हणून नशा देणं, हे कसं पटावं?

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही पटलं नव्हतं. स्वित्झर्लंडमध्ये झुरिकच्या राष्ट्रीय संग्रहालयामागच्या बागेत १९८० च्या दशकाअखेरीस हजारो लोक उघड्यावर सुया टोचत. १९९२ मध्ये बाग बंद केली, तर ते जवळच्या ओसाड रेल्वे स्थानकावर गेले. मग १९९४ पासून, इतर सगळे उपचार फसलेल्या मोजक्या जुन्या रुग्णांना दवाखान्यात, नर्सच्या देखत, औषधी शुद्धतेचं हेरॉईन द्यायला सुरुवात झाली. चोऱ्या कमी झाल्या, मृत्यू घटले, काहीजण कामावर परतले. २००८ मध्ये जनतेने सार्वमतात ६८ टक्क्यांनी ही पद्धत कायम केली. त्याच दिवशी त्याच मतदारांनी गांजा खुला करायला मात्र नकार दिला. पदार्थागणिक वेगळा विचार करता येतो, हे त्यांनी एका मतपत्रिकेवर दाखवलं.

आपल्याकडे हेरॉईन देत नाहीत, पण ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली देणारी केंद्रं एड्स नियंत्रण कार्यक्रमाखाली चालतात, काही ठिकाणी मेथाडोनही मिळतं. त्याने टर्की, म्हणजे नशा तुटल्यावर होणारा त्रास, लागत नाही, सुई सुटते, माणूस दिवसभर काम करू शकतो. गर्दवाल्यांना हा मोठा आधार आहे. एमडीला मात्र असं बदली औषध नाही. तिथे समुपदेशन, झोप, आहार, घरच्यांची साथ यावरच मदार. म्हणून ‘ड्रग्ज’ असा एकच शब्द वापरून कोणी सगळ्यांवर एकच तोडगा सांगितला की मी थांबवते.

शिक्षा काढली तर मुलांना चुकीचा संदेश जाणार नाही का?

आमच्या बैठकीला एक आई यायच्या. चपात्या गुंडाळायचा फॉइलचा रोल महिनाभर पुरायचा, तो आठवड्यात संपू लागला. आधी त्यांना वाटलं कामवाली नेते. मग मुलाच्या गादीखाली काळपट पट्ट्या सापडल्या. मुलगा एकोणीस वर्षांचा, गर्द ओढत होता. हे कळल्यापासून त्याला डॉक्टरांकडे नेईपर्यंत आठ महिने गेले. मी विचारलं, इतके दिवस का थांबलात? म्हणाल्या, ‘दवाखान्यात नेलं आणि त्यांनी पोलिसांना कळवलं तर? त्याच्या इंजिनिअरिंगचं काय?’ त्या आठ महिन्यांत तो फॉइलवरून सुईवर गेला.

संदेश जायचा तो असा गेलेला आहे. मुलं शिक्षेला भिऊन नशा सोडताना मी फारशी पाहिली नाहीत. शिक्षेला भिऊन नशा लपवताना रोज पाहते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एम्सच्या राष्ट्रीय पाहणीत अफूजन्य पदार्थांच्या त्रासासाठी मदतीची गरज असलेले सुमारे ७७ लाख लोक आढळले. आणि बेकायदा अमली पदार्थांवर अवलंबून असलेल्या वीस जणांतल्या एकालाच कधी दाखल होऊन उपचार मिळाले होते. उरलेले कुठे आहेत? त्या आईसारख्यांच्या घरात, दार लावून.

भारतात बदलाची काही हालचाल आहे का?

आहे, पण एक पाऊल पुढे आणि एक मागे. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजा सर्वांत घातक गटातून काढायचा ठराव २७ विरुद्ध २५ असा जेमतेम मंजूर झाला. भारताने बाजूने मत दिलं. त्याच महिन्यात गोव्यात औषधी गांजाच्या लागवडीचा प्रस्ताव बाहेर आला. एवढा गदारोळ झाला की सरकारने तो गुंडाळला. २०२१ मध्ये केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने सुचवलं की स्वतःपुरता अल्प साठा असणाऱ्यांना तुरुंगाऐवजी उपचाराकडे पाठवावं. त्या वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली खरी, पण ती जुनी मसुद्यातली चूक सुधारणारी होती. उत्तराखंड औद्योगिक भांगेच्या लागवडीला परवाने देतं, हिमाचल त्या वाटेवर आहे. इकडे महाराष्ट्राने २०२५ मध्ये ड्रग्जच्या तस्करीला मोक्का लावायची दुरुस्ती केली. टोळ्यांना मोक्का लागला तर माझी तक्रार नाही. तो पुडी वाटून घेणाऱ्या दोन मित्रांपर्यंत खाली येऊ नये, एवढीच काळजी आहे.

तुम्हाला नेमकं काय हवं आहे?

कलम २७ मधून कैद जावी. वजन शुद्ध पदार्थाचं धरावं. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात ब्युप्रेनॉर्फिन आणि समुपदेशक आधी यावेत आणि मग कायदा बदलावा, उलट नको. गांजाचा प्रश्न हेरॉईन-एमडीपासून वेगळा काढून त्यावर स्वतंत्र चर्चा व्हावी. विकणाऱ्या आणि बनवणाऱ्या टोळ्यांना आजच्याइतकंच, किंबहुना अधिक नेटाने धरावं. दंडाधिकाऱ्यांपुढे चिलमी मोजण्यात जाणारा पोलिसांचा वेळ त्यासाठी मोकळा होईल.

आमच्या मुलाला पकडलं आहे. आत्ता काय करायचं?

घाबरून पहिल्या दिवशी ‘कबूल करून टाक, दंड भरून सुटशील’ असं सांगू नका. वकील गाठा, परवडत नसेल तर प्रत्येक न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो. पंचनाम्यात पदार्थ आणि वजन काय लिहिलं आहे ते बघा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. अल्प प्रमाण असेल तर कलम ३७ ची जामिनाची कडक अट लागत नाही. अंगझडतीआधी राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यांसमोर नेण्याचा हक्क कलम ५० देतं; तो त्याला सांगितला होता का, हे विचारा.

मुलगा व्यसनी असेल तर दोन कलमं वकिलाला मुद्दाम आठवून द्या. कलम ६४अ : सेवनाचा किंवा अल्प साठ्याचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेईल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. कलम ३९ : दोषी ठरल्यावरही न्यायालय त्याला शिक्षेऐवजी उपचारासाठी बंधपत्रावर सोडू शकतं. ही दारं कायद्यात बऱ्याच वर्षांपासून आहेत, कोणी ठोठावत नाही. मदतीसाठी केंद्राची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आणि अमली पदार्थ नियंत्रण विभागाची १९३३ या नंबरांवर फोन करता येतो.

तो गर्द किंवा इतर अफूजन्य पदार्थ घेत असेल तर कोठडीत त्याला टर्की लागेल : उलट्या, जुलाब, अंगात कळा, झोप नाही. त्याला दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करतील तेव्हा वकिलाला हे बोलून दाखवायला सांगा आणि वैद्यकीय तपासणी मागा.

आणि तो सुटून घरी येईल तेव्हाची एक गोष्ट. कोठडीत किंवा केंद्रात राहून शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. मित्र भेटले आणि त्याने पूर्वीइतकाच डोस घेतला, तर श्वास थांबू शकतो. पहिले दोन आठवडे सर्वांत धोक्याचे असतात. तेवढे दिवस त्याला खोलीत एकटं झोपू देऊ नका, बाथरूमच्या दाराची कडी काढून ठेवा, आणि रात्री त्याचं घोरणं विचित्र, घरघर लागल्यासारखं येऊ लागलं तर झोपलाय म्हणून सोडू नका. कुशीवर वळवा आणि लगेच १०८ ला फोन करा.